गोडादऱ्यातून एकही फोन नाही

वीज तक्रार केंद्रात फोन उचलायची नोकरी असली, की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते स्वतःच रिंग देतात! त्यात सुरतेवरून एखादं वादळ गेलं, तर मग पाणी प्यायलाही उसंत नाही.

*

परवाच्या वादळात पहिला फोन आला वेसूच्या उंच टॉवरमधून.

"जनरेटरचा फार आवाज येतो हो. झोपच लागत नाही."

"म्हणजे तुमच्याकडे लाईट आहे?"

"लाईट आहे, एसी आहे. शांतता नाही!"

तक्रार लिहून घेतली. पाठवायची कुणाकडे, ते मात्र सुचेना.

*

नंतर कडोदऱ्याचा एक लूमवाला शेठ. "भाऊ, जल्दी लाईट चालू करो!"

मला वाटलं, माल अडकला असेल.

"माल गेला खड्ड्यात! दोन कारागीर वर्षानुवर्षं शेजारी लूम चालवतात. आज मशीन बंद झाली, पहिल्यांदा एकमेकांचं बोलणं ऐकू आलं आणि मारामारी जुंपली!"

*

लिंबायतच्या पार्लरवाल्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. "दादा, नवरीचे डावीकडचेच केस कुरळे झाले आणि लाईट गेली!"

"ताई, वेळ लागेल."

मागून नवरीच ओरडली, "फोटोवाल्याला सांगा, डावीकडूनच काढ!"

*

आमचा नियम सोपा. जिकडून फोन जास्त, तिकडे गाडी आधी. अडाजणच्या एका बंगल्यात माशांच्या टाकीचा पंप बंद पडला. बाईंनी अख्ख्या सोसायटीला फोन करायला बसवलं. गाडी गेली. लाइनमन परत आला तो खुशीत. "मासे एकदम मजेत. मला पण थंडगार सरबत मिळालं!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबही खुशीत. "गोडादऱ्यातून कालपासून एक पण फोन नाही. मतलब तिकडे लाईट आहे!"

माझी मावशी तिथेच राहते. पत्र्याची खोली, त्यात सून ओली बाळंतीण. मी सकाळपासून फोन लावत होतो, लागत नव्हता. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात मावशीच दारात! घामाने निथळलेली, हातात जड पिशवी. "कालपासून अंधार शे. पोरगं रडी रडी लाल व्हई गयं."

साहेब म्हणाले, "अरे माँजी, एक फोन करायचा ना!"

मावशीने पिशवी त्यांच्या टेबलावर पालथी केली. मोबाईलच मोबाईल, अख्ख्या गल्लीचे, सगळे बंद पडलेले.

"ल्या, बठ्ठी गल्लीना शेतस. चार्ज करी द्या. मंग आम्ही घर जाइसन करतस फोन!"