सोंगाड्या बोलतो

निवृत्तीनंतर माणसाने भाषांतराच्या वाटेला जाऊ नये. एका कोशासाठी मी रोमान्योल बोलीच्या वाङ्मयेतिहासाची नोंद मराठीत आणत होतो. ही उत्तर इटलीतल्या एका मुलखाची बोली. ती शतकानुशतकं बोलली गेली, लिहिली मात्र फारच थोडी गेली. तिच्यात आधी लोकांना हसवायला लिहिलं गेलं. दुःख लिहायला फार उशीर लागला. नारायणगावातल्या माझ्या खोलीत हे वाचताना मला तमाशातल्या वगाची जुनी वही आठवली. तिच्यात राजाची भाषणं शुद्ध मराठीत पानंच्या पानं होती आणि मध्ये नुसतंच लिहिलेलं, ‘सोंगाड्या बोलतो’. काय बोलतो, ते कोणीच लिहिलं नव्हतं.

त्या वगातला सोंगाड्या म्हणून गाजलेले गृहस्थ जवळच्याच आणे गावात राहत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज जाणार, असं कळलं. हाती चार दिवस होते. जिवावर आलं होतं, तरी त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून घ्यायला वही घेऊन, एसटी पकडून गेलो.

स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ते माणसांच्या घोळक्यात बसले होते. मला बघून म्हणाले, “या गुरुजी. डाक्टर म्हनला, आवाज काढून घ्यावा लागंल. मी म्हनलं, घ्या की राव! पर संगट बायकोचाबी काढा, न्हाईतर भांडान एकतर्फी व्हईल.” माणसं मांड्या थोपटून हसली. ते पुढे सुटलेच. मी घड्याळ पाहत होतो. परतीची गाडी पाचची होती आणि मोबाइल पिशवीत.

शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढतच घरी नेलं. दार लावलं, पंखा बंद केला, रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल समोर ठेवला. “बोला भाऊ.”

“कुनाला बोलू, गुरुजी?”

“वगातलं बोला.”

“समोर मानसं नाय. सोंगाड्या भिताडाला बोलतो व्हय?”

टाळताहेत, असं वाटून मला राग आला. मग वही उघडून मीच राजाची वाक्यं वाचू लागलो. त्यांनी उत्तर द्यावं म्हणून थांबायचो. ते “हां” म्हणायचे, “बरं” म्हणायचे. असं चाळीस मिनिटं चाललं. पाचची गाडी मात्र मिळाली.

नोंद पुरी करून तपासताना एका वाक्याशी थबकलो. महायुद्धानंतर तिकडच्या एका गावातले तरुण कवी कॉफीच्या हॉटेलात जमायचे आणि बोलीतल्या कविता एकमेकांना वाचून दाखवायचे. हे वाक्य मी आण्याला जायच्या आदल्या दिवशी भाषांतरित केलं होतं, तेही बिनचूक. स्वतःची लाज वाटली. जन्मभर भाषा शिकवली आणि दार लावून बसलो.

महिन्याभराने पुन्हा गेलो. ते त्याच टपरीवर होते, गळ्याला पट्टी. माणसं होती, पण जो तो आपापल्या चहात बघत होता. त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. नको म्हणालो. ते ऐकेनात. मग मोबाइल बाकड्यावर ठेवून ते रेकॉर्डिंग लावलं.

माझा आवाज घुमू लागला, “प्रधानजी, राज्यात सर्वत्र क्षेमकुशल आहे ना?” मग शांतता. मग एक “हां”. मग पुन्हा मी. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. ते सगळ्यांत जास्त हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे गदगदा हलत होते. आवाज मात्र माझाच येत होता.