मिटल्या डोळ्यांनी घेतलेला तास

धायरीतल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते आणि शेजारच्या शेडमध्ये एक सर नववीच्या मुलांना वेल्डिंग शिकवतात. म्हणजे बहुतेक वेळ अपमान करतात. कुणी सिंथेटिक शर्ट घालून आलं, की अगदी नम्रपणे विचारतात, "आपल्याला पेटायचंय का? मग मैदानात पेटा, शेड नवीन आहे." चपला घालून आलेल्याला म्हणतात, "घरी पायाची बोटं जास्तीची आहेत वाटतं." तक्रार घेऊन आलेल्या पालकांचीही त्यांनी अशीच विचारपूस केली होती.

गेल्या आठवड्यात एक मुलगी वेल्डिंग करत होती. शेजारच्या मुलाला काळ्या काचेतून नीट दिसेना, म्हणून त्याने तोंडावरचा मास्क वर केला आणि वाकून बघायला लागला. सरांचा स्वतःचा मास्क कपाळावर होता. तो खाली ओढायलाही न थांबता ते धावले आणि दोन्ही हातांनी त्यांनी मुलाचे डोळे झाकले. मुलगी गोंधळून थांबेपर्यंत तो सगळा उजेड त्यांच्याच डोळ्यांत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजून लाल झाले होते, सारखं पाणी येत होतं. मी म्हटलं, "अहो सर, घरी थांबायचं ना!"

"पुस्तकात याचं चित्र नाही," ते म्हणाले. "म्हणून स्वतः आलोय."

डोळे मिटूनच त्यांनी तास घेतला. शेवटी तो मुलगा उभा राहिला. "सर, सॉरी."

"आवाज ओळखीचा आहे," सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुझे डोळे बरे आहेत ना रे?"

मुलाने मान हलवली. सरांना ती दिसली नाही, म्हणून त्याला मोठ्याने "हो" म्हणावं लागलं.