पट्टी टिकली, पत्रा फाटला

मंडळी, सकाळपासून काही काम सुचत नाही, म्हणून लिहितो.

डोणगावचा अक्षय जुन्या कारने सरळ रस्त्यावर शर्यती लावतो. गाडी सुटताना इंजिनाच्या जोराने बॉडी पिळते, म्हणून महिन्यापूर्वी मी तिच्या दारांखाली जाड पट्ट्या वेल्ड करून दिल्या.

आज तो गाडी घेऊन माझ्या गॅरेजात शिरतानाच मला करकर ऐकू आली. मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर बॉडी पिळून ड्रायव्हरचं दार उघडेना. माझी पट्टी शाबूत होती, पण ती जिथे संपते तिथे पत्रा बोटभर फाटला होता. सगळा पीळ रंगाखाली गंजलेल्या त्या पत्र्यावर गेला. पट्टी मारण्याआधी रंग खरवडून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही.

"अक्षय, ही पळवू नको."

"रविवारी दौड आहे, मिस्त्री. अजून एक पट्टी मारा न. काऊन भेऊन राह्यले?"

"पट्टीनं नाही भागत बे आता! मधातून तुटन गाडी."

"मंग दुसरा कोनी मारून देईन." हसतच गेला.

मी त्याच्या वडिलांना फोन केला. चूक माझी आहे, पोराला अडवा, म्हणालो.

ते म्हणाले, "माहं कुठं ऐकते तो? तुमीच त त्याले सांगतलं होतं, आता बिनधास्त पळव म्हणून."

मेहकर-चिखलीकडच्या गॅरेजवाल्या भावांनो, दाराखाली पट्ट्या मारलेली पांढरी कार आली तर वेल्डिंग करू नका. माझं काम कच्चं निघालं, हे माझं नाव घेऊन त्याला सांगा. सांगाल ना?