कपॅसिटर की जावई?

तमाम सिल्वासावासीयांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, टोकरखाड्यात राहणारे आमचे साडू हे भूतलावरचे सर्वांत छळवादी गृहस्थ आहेत. कोणाला शंका असेल, त्याने त्यांच्यासोबत एकदा कपॅसिटर विकत घ्यायला जावे.

साडू मूळचे चिपळूणकडचे, इथल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात. प्रयोगशाळेतला जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची थरथर हिरव्या रेघेने पडद्यावर काढून दाखवणारा पेटारा, बंद पडला. "सोमवारपर्यंत चालला तर ठेवू, नाहीतर भंगारात," असं मुख्याध्यापक म्हणाले आणि साडूंनी तो उचलून थेट घरच्या जेवणाच्या टेबलावर आणला. तेव्हापासून ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, ताट मांडीवर घेऊन जेवते आणि पेटाऱ्याला 'मेलं धूड' म्हणते.

दोष आतल्या, वीज साठवणाऱ्या इवल्या कपॅसिटरांचा. म्हातारपणाने वाळून गेले होते. दुसरा कोणी मिळतील ते बसवून मोकळा झाला असता. साडूंनी मला वापीच्या दुकानात उभं केलं. मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवायची ताकद, मूळचीच हवी. व्होल्ट जास्त चालतील, कमी अजिबात नाहीत. पंच्याऐंशी डिग्री सोसणारा दाखवला, तर म्हणाले, "आत तापतं हो! एकशेपाचवाला काढा." तो काढला, तर पाय आखूड. पाय पुरले, तर माल जुना: "इतकी वर्षं हा पडून का राहिला?" शेवटी दुकानदाराने हात जोडले, "काका, कपॅसिटर लेवो छे के जमाई शोधवो छे?"

मी खो खो हसलो. साडू गंभीरपणे म्हणाले, "तसंच समजा. आमची वस्तू जुनी आहे, सांभाळून घेणारा हवा."

हा किस्सा मी ताईला रंगवून सांगितला. ती कडाडली, "जावई आणा नाहीतर व्याही आणा, माझं टेबल रिकामं करा!"

रविवारी दुपारी साडूंनी सोल्डरचा शेवटचा डाग दिला आणि बटण दाबलं. काहीच नाही. ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर हिरवा ठिपका उमटला, थरथरला आणि त्याची सरळ, शांत रेघ झाली. "नोकरीला लागलो तेव्हापासून पोरांना हीच दाखवतोय," साडू पुटपुटले. मग घसा खाकरून झाकण शोधू लागले, "शिपायाला सांगून ठेवलंय. आत्ताच शाळेत पोचवून येतो."

ताई पदराला हात पुसत पडद्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "अहो, आजची रात्र तरी राहू दे की तिला माहेरी!"