व्हरांड्यात आणखी कोण होते?

सेवेतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. कुठला भामटा कुठल्या वर्षीचा, हे मला सांगता यायचे नाही. स्कार्फचे प्रकरण मात्र वेगळे राहिले. त्या चौकशीच्या खोलीत कोण कुठल्या खुर्चीवर बसले होते, हेसुद्धा मी आज सांगेन.

तेव्हा मी लेस्टरमध्ये आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर होते. या शाखेत धावपळ कमी आणि वाचन फार. सकाळी आल्यावर आदल्या रात्रीच्या अटकांचा आढावा, मग चहा, मग ईमेलचा ढीग. त्या सोमवारी ढिगात एक निरोप ऑस्ट्रेलियाच्या बाईंचा होता. तिथल्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे ॲबोरिजिनल उद्योजकांनी, स्वतःचे चेंबर ऑफ कॉमर्स उभे केले आहे. या बाई त्याच्या अध्यक्ष होत्या.

लेस्टरच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन नर्सने शहरातल्या दुकानात एक स्कार्फ पाहिला आणि त्याचा फोटो बाईंना पाठवला. त्यावर मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका कुटुंबाचे पिढीजात चित्र होते आणि लेबलवर लिहिले होते, ‘चेंबरमान्य’. चेंबरने इंग्लंडमध्ये कुणालाच मान्यता दिलेली नव्हती. अध्यक्षबाई आणि कार्यकारिणीतल्या एक ज्येष्ठ बाई त्याच आठवड्यात लंडनला आल्या होत्या. म्युझियमच्या दुकानांच्या एका साखळीशी चेंबरच्या सभासदांचा करार व्हायचा होता. त्या साखळीच्या खरेदीदाराने हा स्वस्त स्कार्फ पाहिला आणि सही थांबवली. शुक्रवारी दोघी परत जाणार होत्या.

माझ्या सुपरिंटेंडंटने स्क्रीनवर एक नजर टाकली. “स्कार्फ आहे. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे पाठव.”

“नकली ब्रँड असता तर ग्राहक संरक्षणवाल्यांकडे पाठवला असता,” मी म्हटले. “हा माणूस दुसऱ्याच्या मान्यतेवर माल विकतोय. ही सरळ फसवणूक आहे.”

“शुक्रवारपर्यंत मुदत दिली. नंतर पेन्शनवाल्यांच्या केसेसवर ये.”

दुसऱ्या दिवशी दोघी ट्रेनने लेस्टरला आल्या. अध्यक्षबाईंचा माती उपसायच्या यंत्रांचा धंदा होता. हात मिळवला तेव्हा माझी बोटे दुखली. ज्येष्ठ बाई मात्र बुटक्या, शांत. जाड कोट, कानांवर ओढलेली लोकरी टोपी. त्यांच्या घरचा कापडछपाईचा कारखाना होता आणि स्कार्फवरचे चित्र त्यांच्याच घराण्यातले. चेंबरमध्ये त्यांना सगळे आंटी म्हणत. माझ्या तोंडून दहा मिनिटांत ‘मावशी’ निघाले, आणि अर्थ विचारून त्यांनी ते ठेवून घेतले.

त्या ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा पोचल्या होत्या.

“मावशींना आधी त्याला बघायचं होतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “शहराबाहेर व्यापारी प्रदर्शन चाललंय ना, तिथे त्याचा स्टॉल आहे.”

मी वैतागले. साक्षीदाराने तक्रारीआधीच संशयिताला गाठणे म्हणजे बचावाच्या वकिलाला आयती भेट. “मावशी, त्याला तुम्ही काय बोललात?”

“काही नाही. तोच बोलला.”

“आणि तुम्ही कोण, ते त्याला कळलं नाही?”

“त्यानं मला नमस्ते केलं.”

माझा सार्जंट गुजराती, भारतीय दुकानांनी भरलेल्या बेलग्रेव्ह रोडवर वाढलेला. तो हसू लागला. “बेन, त्याला वाटलं असेल माझ्या शेजारच्या काकी आहेत. त्या रस्त्यावर यांच्याशी कोणीही गुजरातीतच बोलेल.”

“बोलले,” मावशी म्हणाल्या. “दोन दुकानांत. साड्या चांगल्या आहेत.”

स्टॉलवरच्या माणसाने या ‘भारतीय आजीं’ना स्कार्फ खपवायच्या भरात सारी कथा ऐकवली होती. त्याची आजी ॲबोरिजिनल. चेंबर स्थापन करणारे ज्येष्ठ गृहस्थ त्याचे मामा. त्यांनी स्वतः आपल्या घराच्या व्हरांड्यात बसून त्याला हे चित्र वापरायची परवानगी दिली. ते गृहस्थ आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाचे नाव काही काळ उच्चारत नाहीत, फोटोही लावत नाहीत. या माणसाने नाव चार वेळा घेतले होते आणि स्टॉलवर त्यांचा दरवाजाएवढा फोटो टांगला होता. मावशी त्याच्याखाली उभ्या राहून ऐकत होत्या.

“म्हणजे तो तुमच्यातला नाहीच,” सार्जंट म्हणाला. “वाटतच होतं, चांगला गोरापान आहे.”

“रंगावर जाऊ नकोस. माझा नातू त्याच्याहून गोरा आहे.”

सार्जंटने कान पकडले. ही गोष्ट आम्हा लेस्टरकरांना तरी कुणी सांगायला लागू नये.

मग मी दोघींना अडचण समजावली. फसवणुकीच्या गुन्ह्यात माणूस खोटे बोलला एवढे पुरत नाही. ते खोटे आहे हे त्याला ठाऊक होते, हे दाखवावे लागते. हा माणूस म्हणणार, परवानगी मला तोंडी मिळाली, मी भाबडेपणाने विश्वास ठेवला. देणारा वारलेला. खोडून कोण काढणार? चलाख भामटे साक्षीदार म्हणून नेहमी मेलेला माणूस निवडतात.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सार्जंटने तोंड उघडले तसा मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

“तो म्हातारा एकटा परवानगी देऊच शकत नव्हता,” त्या शेवटी म्हणाल्या. “चित्र बापाकडून येतं, तसं ते त्याला आलं होतं. पण ते नीट काढलं का, कुणाला द्यायचं, यावर लक्ष आईकडच्या माणसानं ठेवायचं. दोघं बसल्याशिवाय काहीच होत नाही. त्या चित्रावर लक्ष ठेवणारी मी आहे.”

मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे मुलगी बोहल्यावर चढते ती मामाचा हात धरून. बाप कितीही मोठा असो, ते काम त्याचे नाही.

“आणि हे असं बाजारात आलं, तर घरी काय होईल?” मी विचारले.

“मला विचारतील, तू कुठे होतीस. मी राखण केली नाही, असं ठरलं तर मला बाजूला व्हावं लागेल. मग ते चित्र आमच्या कारखान्यात कुणी छापणार नाही. माझ्या मुलीसुद्धा नाही.”

करार अध्यक्षबाईंचा अडकला होता, पण पणाला लागले होते ते या बाईंचे घरातले स्थान. ‘माझ्या हातून हे घडलेले नाही’ एवढे त्यांना शुक्रवारी घरी नेता यायला हवे होते.

जबाब द्यायचा की नाही, यावर दोघींनी माझ्याच खोलीत विचार केला. विचार म्हणजे बहुतेक वेळ शांतता. एकीचे बोलणे संपले की दुसरी लगेच उत्तर देत नसे. नंतर कॉफीच्या मशीनपाशी अध्यक्षबाई म्हणाल्या, “मी धंद्यात दिवसाला पन्नास निर्णय घेते. चेंबरमध्ये आल्यावर पहिली सभा अर्ध्या तासात उरकली. सगळे हो म्हणाले आणि नंतर कुणीच काही केलं नाही. तेव्हा मावशींनी मला बसायला शिकवलं. मधली शांतता सोसवत नाही त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं, असं त्या म्हणतात.”

जबाब झाला. मृताचे नाव मावशींच्या तोंडून न वदवता मी जोडपत्रात फोटोला क्रमांक दिला आणि जबाबात तोच वापरला. कायद्याला माणूस ओळखता आला की पुरे.

बुधवारी सकाळी प्रदर्शनाचे दरवाजे उघडताच आम्ही आत गेलो. माणूस पन्नाशीतला, रुंद कडांची हॅट, बोलणे मधाळ. मी ओळखपत्र दाखवले, फसवणुकीच्या संशयावरून अटक करते आहे म्हणून सांगितले, हक्क वाचून दाखवले. तो शेजारच्या स्टॉलवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “हेच. आमच्या लोकांना आयुष्यभर हीच वागणूक मिळाली.” दोन बायका माझ्याकडे रागाने बघू लागल्या. सार्जंट स्कार्फची खोकी मोजूनमापून सील करत होता. आता चूक झाली तर वर्तमानपत्रात माझाच फोटो येणार, हे मला कळत होते. पण भीती वाटत नव्हती. शिकारीचा वास लागला होता.

कोठडीत नोंद, वकिलाची भेट, आणि दुपारी चौकशी. वकिलीण तरुण आणि हुशार होती. तिने त्याला गप्प राहायचा सल्ला दिला असणार. पण अशी माणसे गप्प राहिली असती तर माझी शाखा कधीच बंद पडली असती. ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि तोही सुरू झाला.

आजी, मामा, वाळवंट, तारे. मी मध्ये बोलले नाही. मग परवानगीवर आले.

“व्हरांड्यात आणखी कोण होतं?”

“कोणीही नाही. मामा आणि मी. सूर्य मावळत होता.”

“तुम्हाला त्या घराण्याचे रिवाज ठाऊक आहेत?”

“आजीच्या मांडीवर शिकलो, इन्स्पेक्टर. तुम्हाला नाही कळायचं.”

“मग हेही ठाऊक असेल, की तिथे एकट्या माणसाला परवानगी देताच येत नाही. चित्रावर लक्ष ठेवणारं दुसरं माणूस लागतं.”

आणि मी थांबले. पेन खाली ठेवले. हात टेबलावर ठेवले. इतकी वर्षे मी अशा वेळी पुढचा प्रश्न टाकत आले होते, कारण चौकशीत शांतता पडली की आपलेच काही चुकले असे वाटते. यावेळी बसून राहिले. सार्जंटही बसून राहिला, त्याच्यासाठी तो पराक्रमच. वकिलीण अशिलाकडे बघू लागली.

त्याने पाण्याचा घोट घेतला. खुर्ची सरकवली.

“अर्थात,” तो म्हणाला. “ती होतीच. मला वाटलं, तुम्ही पुरुषांबद्दल विचारताय.”

“कोण होती?”

“लक्ष ठेवणारी. मागे बसली होती. उंच, पांढरे केस. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाणं म्हटलं. तिच्या होकाराशिवाय मी पुढे गेलोच नसतो.”

“म्हणजे तिचा होकार लागतो, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.”

“नक्कीच.”

वकिलिणीचे पेन थांबले. तिला कळले होते, त्याला नाही. भाबडेपणाने विश्वास ठेवला हा बचाव त्याने स्वतःच्या हाताने बाहेर फेकला होता.

“ती आज दिसली तर ओळखाल?”

“कुठेही. तो चेहरा विसरणं शक्य नाही.”

“काल सकाळी ती तुमच्या स्टॉलवर आली होती. जाड कोट, लोकरी टोपी. तुम्ही तिला स्कार्फवर सवलत देत होतात.”

तो अगदी खऱ्या आश्चर्याने म्हणाला, “ती इंडियन बाई?”

वकिलिणीने थोडा वेळ मागितला. मी तो आनंदाने दिला. बाहेर कॉरिडॉरमध्ये सार्जंटने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी इन्स्पेक्टर आहे हे आठवून लगेच माफी मागितली.

गुरुवारी सरकारी वकिलांनी आरोप ठेवायला मंजुरी दिली. मी हॉटेलवर जाऊन मावशींना सांगितले. त्यांनी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या भाषेत त्या थोडे बोलल्या. पलीकडे शांतता. आता मला तिची सवय झाली होती. मग एका म्हाताऱ्याने एकच वाक्य म्हटले आणि तिकडे सगळे हसले.

“काय म्हणाले?” मी विचारले.

“चोर माझ्याच हातात माल देत होता, मी फुकट का नाही आणला.”

करारावर सही झाली. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, आणि जप्त माल जाळायचा हुकूम निघेल असे आमच्या मुद्देमाल विभागाने कळवले. मी ते व्हिडिओ कॉलवर सहज मावशींच्या कानावर घातले.

“कापड खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “वरचं चित्र खोटं नाही. ते अनोळखी माणसांनी जाळायचं नाही.”

सुपरिंटेंडंटला हे समजावणे संशयिताच्या चौकशीपेक्षा अवघड गेले. पण कोर्टापुढे अर्ज केला, चेंबरने भाडे भरले, आणि खोकी विमानाने गेली. तिथे बापाकडची आणि आईकडची, दोन्ही बाजूंची माणसे बसली आणि त्या कापडाचे काय करायचे ते त्यांनी ठरवले. काय ठरले, ते मावशींनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. ती परवानगी माझ्याकडे नव्हती.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी दिल्या. एक, चौकशीत गप्प बसायचे धैर्य. दुसरी अशी, की ‘मला अमक्याने परवानगी दिली’ असे कुणी सांगितले, तर तो अमका जिवंत आहे की मेला, हे मी आधी विचारत नाही. तेव्हा तिथे आणखी कोणाला बसायला हवे होते, हे विचारते. निवृत्तीनंतर सोसायटीच्या मीटिंगमध्येही विचारते. लोकांना आवडत नाही.