मुनव्वरमास्तरांची फिटिंग

कसबा पेठेत मुनव्वरमास्तरांकडे कपडा शिवायला टाकला, की तो अंगाला बरोबर बसणार आणि सांगितलेल्या दिवशी मिळणार नाही, याबद्दल गिऱ्हाइकांच्या मनात शंका नसे. टेप गळ्यात असे ती शोभेपुरती. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत मास्तरांनी त्याला नजरेनंच मापलेलं असे.

त्यांची मुलगी सकीना अकरावीत गेल्यापासून जेवेनाशी झाली. शेवटी कॉलेजात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी तिला वारज्याच्या एका उपचार केंद्रात ठेवायला सांगितलं. मुली तिथंच राहत. आईबापांनी दर रविवारी यायचं आणि मुलीबरोबर जेवायचं. ताटाबद्दल किंवा अंगाबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही, असा नियम.

"मग बोलायचं काय? हवापाणी?" मास्तरांनी विचारलं.

"हवापाणी चालेल," तिथल्या समुपदेशक नीरजाताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ती बारीक होतेय, हे घरात आधी कुणाच्या लक्षात आलं?"

"कुणाच्याच नाही," सकीनाची आई अख्तरबानू म्हणाल्या. "कपडे तर नेहमी नीट बसायचे हो."

मास्तर पंख्याकडे बघू लागले. कुर्ता सैल झाला की सकीना दुकानात आणून देई, "अब्बा, फिटिंग करा." ते करून देत. वर्षभर देत होते. मास्तरांच्या पोरीच्या अंगावर कपडा लोंबतोय म्हटल्यावर पेठेतले लोक काय म्हणतील, एवढीच त्यांना काळजी. हे त्यांनी तिथं सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी परतताना बसमध्ये अख्तरबानू वेगळ्या सीटवर बसल्या.

ईदेच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी नवा कुर्ता नेला. माप सकीना आजारी पडायच्या आधीचं. तिनं घातला, तर खांदे दंडावर उतरले. मास्तरांची बोटं शिवशिवली. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

"अब्बा, केवढा सैल आहे. फिटिंग करा ना."

"मशीन बिघडलंय."

"दुकानात दोन आहेत."

"दोन्ही बिघडलीत."

सकीनानं आईकडे पाहिलं.

"एकदमच बिघडली," अख्तरबानू म्हणाल्या. त्या बसप्रवासानंतर नवऱ्याच्या बाजूनं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"कधी दुरुस्त होतील?"

"होणार नाहीत. हा कुर्ता असाच राहणार." नियम मोडला की पाळला, हे शेजारच्या टेबलाशी बसलेल्या नीरजाताईंनाही ठरवता येईना.

सकीना बराच वेळ वरणभात चिवडत राहिली. मग लोंबणाऱ्या बाह्या तिनं कोपरापर्यंत सारल्या.

"आज हवा काय म्हणते, अब्बा?" असं विचारून तिनं घास उचलला.

मास्तरांनी खिडकीबाहेर नजर लावली आणि ढगांबद्दल बोलायला सुरुवात केली. आभाळ स्वच्छ होतं. ताटाकडे न बघता ते बोलतच राहिले.