वीतभर जागा

कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं आणि वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात नव्या नोकरीवर रुजू व्हायला मी वडनेरहून एसटीत बसलो. नोकरीचं पत्र खिशात आहे ना, हे मी सारखं चाचपून बघत होतो. शेजारच्या म्हातारीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस होता. नवरा गेल्यावर ती कायमची लेकीकडे निघाली होती. डोक्यावर पदर घेऊन तिनं प्रार्थना केली, "देवा, लय भेव लागते."

आमच्या मधल्या वीतभर जागेत मी पिशवी ठेवली. तिनं ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"ते जागा येशूची हाये."

"मंग भेव गेलं का, मावशी?"

"नाई बाप्पा. भेवही संग येऊन राह्यलं, अन् तोही येऊन राह्यला."

हिंगणघाटला ती उतरली. अख्खा बाक रिकामा झाला, तरी वर्ध्यापर्यंत पिशवी माझ्या मांडीवरच होती.